लाकडी जमिनीची निगा

लाकडी जमीन दोन गोष्टींची बनलेली असते. खाली लाकूड आणि वर त्याचे रक्षण करणारा पारदर्शक लेप. हा लेप जेमतेम कागदाच्या तावाएवढा जाड असतो. पण झाडू, पोछा, चप्पल, खुर्चीचे पाय आणि सांडलेला चहा या सगळ्यांशी रोज गाठ पडते ती त्याचीच. लाकडी जमीन पुसली जाते तेव्हा खरे तर लाकूड पुसले जात नाही, लेप पुसला जातो. लेप शाबूत आहे तोवर खालचे लाकूड पिढ्यान्‌पिढ्या टिकते. तो झिजला किंवा सांध्यांतून पाणी आत गेले, की लाकडाची खराबी सुरू होते. निगेचे जवळपास सगळे नियम यातूनच निघतात: लेपावर रेती घासू द्यायची नाही आणि लाकडाला ओल लागू द्यायची नाही.

मराठी घरांतली जमीन पुसण्याची पद्धत घडली ती शहाबादी फरशी, कोबा आणि मोझेकच्या लाद्यांवर. बादलीभर पाणी, त्यात फिनेल आणि निथळते पोतेरे. जुन्या वाड्यांत लाकूड भरपूर असे, पण पायाखाली ते सहसा उघडे नसे. तुळयांवर फळ्या, फळ्यांवर मातीचा थर आणि त्यावर सारवण, अशी कडीपाटाची रचना असे. उघड्या फळीवर पाय पडे तो माळ्यावर किंवा चाळीच्या सागवानी जिन्यावर. आता पुण्या-मुंबईच्या सदनिकांत निदान एखाद्या खोलीला लाकडी जमीन केलेली दिसते, आणि अमेरिका-कॅनडात स्थायिक झालेल्या कुटुंबांना तर ओक किंवा मेपलची जमीन घराबरोबरच मिळते. दगडाला चालणारी पद्धत या जमिनीला मात्र चालत नाही.

जमीन कशाची आहे

बाजारात ‘वुडन फ्लोअरिंग’ या एकाच नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. त्यांची निगाही वेगवेगळी असते, म्हणून आपल्या घरात यांपैकी काय आहे हे आधी पाहावे.

पहिली, सबंध लाकडाची फळी. ती साधारण १८ ते २० मिलिमीटर जाड असते. एका फळीच्या कडेला जीभ आणि दुसरीच्या कडेला खाच असते. जीभ खाचेत बसवून फळ्या जोडल्या जातात. जिभेच्या वर साधारण सहा मिलिमीटर लाकूड असते आणि तेवढेच पुढे घासून नवे करता येते. नीट सांभाळलेली अशी जमीन शंभर वर्षेही चालते.

दुसरी, थरांची फळी, म्हणजे इंजिनिअर्ड वुड. स्वीडनमधील केर्स या कंपनीने १९४१ साली अशा रचनेचे पेटंट घेतले. हिच्यात वर दोन ते सहा मिलिमीटरचा खऱ्या लाकडाचा पापुद्रा आणि खाली आडवे-उभे चिकटवलेले थर असतात. थरांच्या दिशा एकमेकींना छेदत असल्यामुळे ही फळी सबंध फळीपेक्षा कमी फुगते आणि कमी वाकते. दमट हवेच्या गावात ती म्हणूनच सोयीची ठरते. पापुद्रा पातळ असेल तर मात्र ती पूर्ण घासून काढता येत नाही.

तिसरी, लॅमिनेट. हिच्या पृष्ठभागावर लाकूड नसतेच. दाबून बनवलेल्या घट्ट तंतुफळीवर लाकडाचे छायाचित्र छापलेला कागद आणि त्यावर मेलामाइनचा कठीण थर असतो. हिला पॉलिश लागत नाही, घासून नवी करता येत नाही आणि सांध्यात पाणी मुरले तर कडा कायमच्या फुगतात. ओळखण्याची खूण सोपी आहे. थोड्या थोड्या अंतरावर तीच गाठ आणि त्याच रेषा पुन्हा दिसल्या, तर ते छापील चित्र समजावे. खऱ्या लाकडात दोन फळ्या कधी सारख्या नसतात.

लाकडाची जातही पाहावी. लाकडाचा कठीणपणा मोजण्यासाठी यांका चाचणी वापरतात. ११.२८ मिलिमीटर व्यासाचा पोलादी गोळा लाकडात अर्धा रुतवायला किती जोर लागतो, हे तिच्यात पाहिले जाते. सागाला सुमारे ४,४०० न्यूटन, लाल ओकला ५,७०० आणि कठीण मेपलला ६,४०० न्यूटन जोर लागतो. म्हणजे टिकाऊपणासाठी नावाजलेला साग खोक पडण्याच्या बाबतीत ओकपेक्षा मऊ आहे. त्याची ख्याती वेगळ्या गुणांवर उभी आहे. त्याच्यात अंगचे तेल असते, वाळवी त्याच्या गाभ्याला सहसा लागत नाही आणि ओलीने तो कमी फुगतो.

लाकूड आणि ओल

कापून, वाळवून, रंधा मारून जमिनीत बसवलेले लाकूडही हवेतली ओल घेते आणि सोडते. हवा दमट झाली की ते सादळते, कोरडी झाली की आक्रसते. हवेतील सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकडातील पाण्याचे प्रमाण काही दिवसांनी ६ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते; ५० टक्क्यांना ते ९ टक्के होते आणि ८० टक्क्यांना १६ टक्के. लेपामुळे ही देवाणघेवाण मंदावते, पण थांबत नाही.

फळी फुगते ती रुंदीत. लांबीत जवळपास फरक पडत नाही. वार्षिक वलयांना स्पर्श करत आडवी कापलेली १०० मिलिमीटर रुंदीची सागवानी फळी ८ टक्क्यांवरून १२ टक्के ओलीवर गेली, तर सुमारे पाऊण मिलिमीटर रुंद होते. तशीच लाल ओकची फळी जवळजवळ दीड मिलिमीटर वाढते. एका फळीचा हा फरक डोळ्याला दिसत नाही. पण तीन मीटर रुंद खोलीत अशा तीस फळ्या शेजारी शेजारी असतात. म्हणून कसबी सुतार भिंतीलगत चारी बाजूंनी एक-दीड सेंटिमीटर जागा सोडतो आणि ती पट्टीखाली झाकतो. ही फट सिमेंटने किंवा सिलिकॉनने बुजवली, तर फुगलेल्या फळ्यांना सरकायला वाव राहत नाही आणि जमीन मध्येच वर उचलली जाते.

ओल कुठून आली हे फळीच्या आकारावरून ओळखता येते. फळीच्या कडा वर आणि मध्य खोलगट झाला असेल, तर खालची बाजू वरच्यापेक्षा ओली आहे. स्लॅबमधली ओल, गळका नळ किंवा शेजारच्या न्हाणीघरातून झिरपणारे पाणी ही त्याची नेहमीची कारणे. अशा वेळी जमीन लगेच घासून सपाट करणे ही मोठी चूक ठरते. ओल आटली की फळी पुन्हा सरळ होऊ पाहते. पण तिच्या कडा तर घासल्या गेलेल्या असतात, त्यामुळे मध्य उंच आणि कडा खाली अशी उलटी खोड राहते. आधी गळती शोधायची, मग जमीन पूर्ण वाळू द्यायची आणि त्यानंतरही बाक उरला तरच घासायचे, हा योग्य क्रम.

लेप कोणता आहे

आजच्या बहुतेक घरांत पॉलियुरेथेनचा लेप असतो. कारागिरांच्या भाषेत ‘पीयू’. तो पृष्ठभागावर कठीण, सलग कवच तयार करतो. कारखान्यातच लेप देऊन आलेल्या फळ्यांवर बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइड मिसळलेला, अतिनील प्रकाशात पक्का केलेला लेप असतो आणि तो आणखी चिवट असतो. दुसरा गट तेलाचा. जवसाचे तेल, टंग तेल किंवा तेल-मेणाचे मिश्रण लाकडात मुरते आणि वर फार जाड थर उरत नाही. तिसरा गट जुन्या पद्धतींचा. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचे, म्हणजे लाखेचे, पॉलिश आणि त्यावर मेण.

लेप ओळखण्यासाठी पलंगाखालच्या किंवा कपाटामागच्या कोपऱ्यात साध्या चाचण्या करता येतात. चमचाभर मिनरल टर्पेंटाइन बारीक पोलादी लोकरीवर घेऊन घासावे; लोकरीवर पिवळट-करडा मळ आला तर मेण आहे. स्पिरिटचा थेंब टाकल्यावर जागा चिकट झाली तर ते लाखेचे पॉलिश. दोन्हींचा परिणाम झाला नाही आणि पृष्ठभागावर काचेसारखे कवच दिसत असेल, तर बहुधा पीयू.

लेपाची तब्येत कळायला पाण्याचा एक थेंब पुरतो. थेंब मण्यासारखा उभा राहिला तर लेप चांगला आहे. काही मिनिटांत तो पसरून लाकूड काळसर झाले, तर तिथला लेप झिजला आहे आणि ओल्या फडक्याने पुसल्यास पाणी थेट लाकडात जाणार आहे. दारासमोर, स्वयंपाकघराच्या तोंडाशी आणि सोफ्यासमोर पाय टेकतात तिथे ही झीज सगळ्यांत आधी दिसते.

रोजची झाडलोट

लेपाचा पहिला शत्रू पाणी नव्हे, धूळ. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्‌झचे बारीक कण असतात. खनिजांच्या मोस कठीणपणा-श्रेणीत क्वार्ट्‌झचा क्रमांक ७, म्हणजे घरातल्या सुरीच्या पात्याहूनही तो कठीण. पायाखाली कचकचणारी ही रेती प्रत्येक पावलाबरोबर लेपावर सूक्ष्म ओरखडे पाडते. एक ओरखडा दिसत नाही. हजारो झाले की येण्याजाण्याची वाट निस्तेज दिसू लागते आणि जमीन ‘पॉलिश उतरल्यासारखी’ वाटते.

यावर सर्वांत स्वस्त उपाय दाराशीच आहे. बाहेर रेती खरवडून घेणारे काथ्याचे पायपुसणे आणि आत ओल टिपणारे सुती पायपुसणे अशी जोडी ठेवावी. चप्पल-बूट दाराबाहेर काढण्याची आपल्याकडची रीत लाकडी जमिनीच्या फार पथ्यावर पडते. टोकदार टाचेच्या पादत्राणांना तर घरात मज्जावच असावा. साठ किलो वजनाच्या व्यक्तीचा भार एक चौरस सेंटिमीटर टाचेवर आला, तर तेवढ्याशा जागेवर साठ किलोचा दाब पडतो. टाचेचा खिळा उघडा असेल तर त्याच्या कितीतरी पट. खोक पडायला ते पुरेसे होते.

झाडण्यासाठी मऊ फूलझाडू किंवा कोरडा मायक्रोफायबर मॉप वापरावा. नारळाच्या हिरांचा खराटा अंगणासाठी ठीक. जमिनीवर तो ओरखडे काढतो. झाडू फळ्यांच्या लांबीच्या दिशेने मारला की सांध्यांत अडकलेली धूळ निघून येते. व्हॅक्यूम क्लीनर वापरत असल्यास गालिच्यासाठी असलेला फिरता ब्रश बंद ठेवावा आणि मऊ केसांचे तोंड लावावे. त्याच्या चाकांत अडकलेला खडा लांबलचक चरा पाडू शकतो, म्हणून चाके अधूनमधून तपासावीत. दारालगतचा भाग रोज आणि उरलेली खोली आठवड्यातून दोन-तीनदा झाडली तर पुरते. रस्त्याकडेच्या घरात किंवा उन्हाळ्यात धूळ उडते तेव्हा सगळेच रोज झाडावे लागते.

पुसणे

पुसण्यापूर्वी झाडणे सक्तीचे आहे. न झाडता पुसले तर ओल्या फडक्याखाली तीच रेती फिरते.

लाकडी जमीन ओल्या फडक्याने नव्हे, दमट फडक्याने पुसायची असते. फडके इतके घट्ट पिळावे की जमिनीवर मागे राहिलेला ओलसरपणा एक-दोन मिनिटांत आपोआप वाळला पाहिजे. त्याहून जास्त वेळ लागला, तर पाणी जास्त झाले. बादली खोलीत आणूच नये. कलंडली तर अर्ध्या तासात पाणी सांध्यांतून खाली पोचते. सपाट मायक्रोफायबर मॉपवर फवारणी करून पुसणे सगळ्यांत सुरक्षित. फवारा जमिनीवर मारण्याऐवजी मॉपवर मारला, तर पाणी सांध्यांत साठत नाही. खोलीच्या आतल्या टोकापासून सुरुवात करून दाराकडे मागे सरकत यावे, फळ्यांच्या दिशेने हात चालवावा आणि फडके मळले की बदलावे. मळके पाणी वाळले की जमिनीवर ढगाळ पट्टे उठतात. त्यांचा दोष बहुधा उगीचच साबणाला दिला जातो.

साधारणपणे आठवड्यातून एकदा दमट पुसणे पुरते. द्रव निवडताना तो ‘लाकडी जमिनीसाठी’ आणि उदासीन, म्हणजे आम्ल वा अल्कली नसलेला, असावा. तो मिळाला नाही तर पाण्यात भांडी घासण्याच्या सौम्य द्रवाचे अगदी मोजके थेंब टाकून पुसावे आणि मग साध्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुन्हा एकदा पुसून घ्यावे. जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छता नव्हे. उरलेला साबण चिकट पापुद्रा बनतो आणि धूळ धरून ठेवतो.

काय टाळावे याची यादी थोडी मोठी आहे. पांढरे फिनेल तेलाचा थर सोडते आणि जमीन मळकट दिसते. लादीसाठी विकले जाणारे ॲसिड लेप आणि लाकूड दोन्ही खाते. व्हिनेगर आणि लिंबाचे पाणी घरगुती म्हणून निर्धोक समजले जाते, पण आम्ल आम्लच. वारंवार वापरल्यास लेपाची चमक उतरते. सोडा आणि अमोनिया अल्कली असल्याने तितकेच वाईट. भांडी घासायच्या तारेच्या घासणीचे तुटके तुकडे ओलीत गंजतात आणि ओकसारख्या टॅनिनयुक्त लाकडावर काळे डाग पाडतात. वाफेचा मॉप गरम वाफ दाबाने सांध्यांत ढकलतो, त्यामुळे लेप सुटू शकतो आणि फळ्या फुगतात. बहुतेक उत्पादक त्याला स्पष्ट मनाई करतात. पीयूवर मेण किंवा तेल घासून चमक आणण्याचा प्रयत्नही करू नये. जमीन निसरडी होते, आणि पुढे नवा लेप द्यायची वेळ आली की तो मेणावर धरत नाही.

तेलाच्या आणि मेणाच्या जमिनींचे नियम थोडे वेगळे आहेत. तेलाच्या जमिनीला उत्पादकाने दिलेला तेलयुक्त साबण चालतो आणि वापरानुसार वर्षा-दोन वर्षांनी पातळ तेलाचा हात द्यावा लागतो. मेणाच्या जमिनीवर पाण्याचे पांढरे ठिपके उठतात, म्हणून ती कोरडीच पुसावी आणि निस्तेज झाली की थोडे मेण लावून मऊ कापडाने चमकवावी. तेलाचे काम करताना एक धोका ध्यानात ठेवलाच पाहिजे. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या चुरगाळून ढिगात टाकल्या, तर हवेतील ऑक्सिजनशी होणाऱ्या क्रियेने त्या तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. त्या घराबाहेर सुट्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवाव्यात.

डाग

काहीही सांडले की ताबडतोब टिपावे, घासू नये. घासल्याने डाग पसरतो आणि द्रव सांध्यात उतरतो.

हळद लेपावर पिवळी छटा सोडते. तिच्यावर कपड्याच्या साबणाचा प्रयोग केला तर अल्कलीने ती लाल होते. दमट फडक्याने जेवढी निघेल तेवढी काढावी. उरलेला पिवळेपणा प्रकाशाने हळूहळू फिका पडतो, कारण हळदीतील कर्क्युमिन प्रकाशात टिकत नाही. कुंकवाचा रंग तसा जात नाही, म्हणून ते सांडले तर ओले फडके न लावता आधी कोरडेच उचलावे. समई-निरांजनाच्या तेलाचा ओघळ कागदाने टिपून त्यावर उदासीन द्रवाचा हात फिरवावा. देव्हाऱ्याखाली तबक किंवा पाट असला, की तेल, अभिषेकाचे पाणी आणि उदबत्तीची राख यांचा प्रश्नच मिटतो. रांगोळीही थेट जमिनीवर काढू नये. तिची पूड दगडाची असते आणि पायाने पसरली की रेतीचेच काम करते. पाटावर किंवा एखाद्या लादीवर काढलेली रांगोळी निर्धोक.

मेणबत्तीचे मेण आणि च्युइंगम यांवर पिशवीत घातलेला बर्फ ठेवून ते कडक करावे आणि प्लास्टिकच्या पट्टीने हलकेच उचलावे. नेलपॉलिश काढण्याचा ॲसिटोन आणि हात निर्जंतुक करायचा सॅनिटायझर यांना लाखेच्या पॉलिशजवळ थारा देऊ नये. दोन्ही ते विरघळवतात.

पाण्याच्या डागांत पांढरा आणि काळा हा फरक महत्त्वाचा. पांढरा डाग म्हणजे ओल लेपातच अडकली आहे. तो लाखेच्या आणि मेणाच्या जमिनींवर जास्त दिसतो आणि बरेचदा वाळल्यावर, थोडे मेण चोळल्यावर जातो. काळा डाग म्हणजे पाणी लेप ओलांडून लाकडात गेले आणि तेथील टॅनिनची लोहाशी क्रिया झाली. कुंड्या आणि माठ ठेवण्याच्या जागी असे काळे कडे हमखास उमटते, कारण मातीचे भांडे सतत झिरपते आणि ते खालच्या बाजूने कोणाला दिसत नाही. ताटली ठेवूनही भागत नाही. हवा खेळेल अशी तिवई लागते. असा डाग पुसून जात नाही. तिथला लेप काढून ऑक्झॅलिक आम्लाच्या द्रावणाने तो उतरवावा लागतो. हे आम्ल विषारी असल्याने हातमोजे, चष्मा आणि मास्क लावून, मुलांना दूर ठेवून किंवा सरळ कारागिराकडून ते काम करून घ्यावे.

सामान, ऊन आणि ऋतू

टेबल-खुर्च्यांच्या पायांना नमद्याच्या चकत्या चिकटवाव्यात. त्या झिजतात आणि त्यांच्यात रेती अडकते, म्हणून वर्षातून एक-दोनदा बदलाव्यात. चाकांच्या खुर्चीला कडक प्लास्टिकऐवजी मऊ रबरी चाके बसवावीत. कपाट सरकवू नये, उचलून न्यावे. एकट्याने सरकवायची वेळ आलीच तर पायांखाली जुनी चादर घडी करून घालावी. गालिच्याखाली रबराचे किंवा पीव्हीसीचे अस्तर नसावे, त्यातील द्रव्ये लेपात उतरून पिवळे-तपकिरी डाग पाडतात.

उन्हाने लाकडाचा रंग बदलतो. नवा साग आधी पट्टेरी, हिरवट-तपकिरी दिसतो आणि उजेड लागला की सोनेरी होत एकसारखा होतो. चेरी गडद होते, अक्रोड फिकट पडतो. वर्षानुवर्षे एकाच जागी राहिलेला गालिचा उचलला की खाली वेगळ्या रंगाचा चौकोन दिसतो. गालिचे दर काही महिन्यांनी हलवणे आणि दुपारच्या उन्हाला पडदा लावणे एवढे केले तरी पुरते.

लाकडी जमिनीला ३५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात ती ८० टक्क्यांच्या वर जाते. त्या दिवसांत पुसणे कमी करावे, खिडकीतून शितोडे येणार नाहीत हे पाहावे, ओल्या छत्र्या आणि रेनकोट बाहेर ठेवावेत, पंखा चालू ठेवावा आणि जमल्यास वातानुकूलन यंत्र किंवा आर्द्रताशोषक यंत्र वापरावे. काही महिने बंद राहणाऱ्या घरात हवा कोंडते, म्हणून तिथे अधूनमधून खिडक्या उघडायची सोय लागते. देशावरच्या कोरड्या उन्हाळ्यात उलटे होते. फळ्या आक्रसतात आणि त्यांच्यात फटी दिसतात. ईशान्य अमेरिकेतल्या घरांत हेच हिवाळ्यात होते. बाहेरची गार हवा आत येऊन तापली की तिची सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांपर्यंत उतरते. तिथे ह्युमिडिफायर वापरतात. ऋतूबरोबर उघडणाऱ्या-मिटणाऱ्या फटींत लांबी (पुट्टी) भरू नये. हवा दमट होऊन फळ्या फुगल्या की ती चुरून वर येते किंवा शेजारच्या कडा चेपते. बाराही महिने तेवढीच राहणारी फट मात्र बुजवायला हरकत नाही.

कीड

वाळवी जमिनीतून, भिंतीच्या कडेने, मातीच्या नळ्या बांधत येते. पट्टीजवळ मातीची रेघ दिसली किंवा फळी टिचकीला पोकळ वाजली, तर वरवर औषध न शिंपडता कीडनियंत्रण करणाऱ्याला बोलवावे. दुसरी कीड म्हणजे पावडर भुंगेरा. फळीवर टाचणीच्या टोकाएवढी गोल भोके आणि खाली पिठासारखा भुसा ही तिची खूण. हा भुंगेरा पिष्टमय बाह्यकाष्ठ, म्हणजे सालीलगतचे फिके लाकूड खातो. म्हणून खरेदीच्या वेळीच फळीत फिका पट्टा किती आहे हे पाहावे. सागाचीही पांढरी कड किडीपासून सुरक्षित नसते. कोकणात वासे-तुळयांना काजूच्या टरफलांचे तेल लावतात. ते काळे असते आणि कातडी भाजते, त्यामुळे राहत्या खोलीच्या जमिनीवर ते चालत नाही.

दुरुस्ती आणि नवा लेप

ओरखडा लेपापुरता असेल तर तो पांढरट दिसतो आणि दमट बोट फिरवले की क्षणभर नाहीसा होतो. अशा ओरखड्याला त्याच रंगाची मेणकांडी किंवा टच-अप पेन पुरते. खोल ओरखड्यात लाकडाच्या रंगाची लांबी भरून वर लेपाचा हात द्यावा लागतो. खोक म्हणजे चेपलेले तंतू, तुटलेले नव्हेत. तेलाच्या किंवा उघड्या लाकडावर ओले फडके ठेवून त्यावर गरम इस्त्री क्षणभर टेकवली तर तंतू फुगून वर येतात. पीयूवर हा उपाय करू नये, उष्णतेने लेप पांढरा पडतो.

लेप निस्तेज झाला आहे पण लाकूड अजून उघडे पडलेले नाही, हीच नवा हात देण्याची योग्य वेळ. त्यात जुना लेप बारीक जाळीच्या घासपट्टीने नुसता खरखरीत करतात, धूळ काढतात आणि वर एक नवा थर देतात. लाकूड झिजत नाही, काम एक-दोन दिवसांत होते आणि खर्चही थोडा येतो. वापरानुसार तीन ते पाच वर्षांनी हे केले तर पूर्ण घासण्याची पाळी फार उशिरा येते. लाकूड काळे पडेपर्यंत थांबले की मग दुसरा पर्याय उरत नाही.

पूर्ण घासताना आधी जाड आणि मग क्रमाने बारीक पॉलिशपेपर यंत्राला लावतात. ४०, ६०, ८० आणि १०० हे नेहमीचे क्रमांक. दर वेळी अर्धा ते एक मिलिमीटर लाकूड जाते. म्हणजे सबंध लाकडाच्या जमिनीला असे चार-पाच वेळा नवे करता येते, थरांच्या फळीला पापुद्रा जाड असेल तर एखाद-दोन वेळा आणि लॅमिनेटला एकदाही नाही. लाकडाची बारीक धूळ श्वासात जाणे घातक असल्याने मास्क आणि धूळ ओढणारे यंत्र हवेच. अमेरिकेत १९७८पूर्वीच्या घरांतील रंगात शिसे असण्याची शक्यता असते; तिथे रंगवलेली जमीन किंवा पट्टी घासण्याआधी तपासणी करून घ्यावी.

पाण्यावर आधारित पीयू दोन ते चार तासांत हाताला कोरडा लागतो, तेलावर आधारित पीयूला रात्र जाऊ द्यावी लागते. कोरडा होणे म्हणजे पक्का होणे नव्हे. पहिल्या दिवशी मोजे घालून हलके चालता येते, दोन-तीन दिवसांनी सामान उचलून ठेवता येते. गालिचे पसरायला आणि दमट पुसायला मात्र पाण्याच्या लेपाला दोन आठवडे व तेलाच्या लेपाला चार आठवडे थांबावे. तोवर ती जमीन फक्त कोरडी झाडावी.